ताईंचा बिनबॅटरीचा पट्टा

"ये देखिए," डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. "यहाँ आंटी का दिल रुका है।"

उंचवट्यांची ओळ, मग काही सेकंद सपाट रेघ, मग पुन्हा उंचवटे. ताईंनी चष्मा सारखा केला. म्हणाल्या, "फिर चल भी तो पड़ा!"

डॉक्टर हसल्या. मला मात्र रडू आलं.

आजाराचं नाव सिक सायनस सिंड्रोम. हृदयाला ठोक्याची सूचना देणारा एक छोटासा भाग असतो. तो थकला की मध्येच सूचना द्यायची राहते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघे भाऊ नोकरीनिमित्त भोपाळला आले, इथेच रमले आणि एकामागोमाग गेलेही. तिथल्या बाग सेवनिया भागातल्या घरात आता आम्ही दोघीच.

ताई पहिल्यांदा पडल्या त्या ओट्यापाशी. "उपास होता गं," म्हणाल्या. दुसऱ्यांदा भाजीवाल्यासमोर. तेव्हा उपास नव्हता.

मग तपासण्या सुरू झाल्या. ईसीजी चांगला, इको चांगला, डोक्याचं सीटी स्कॅनही चांगलं. होल्टर म्हणजे ठोके नोंदवणारी वायरींची डबी, तीही दिवसभर कमरेला बांधली. नेमकं त्या दिवशी काही झालंच नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की लोक अभिनंदन करायचे आणि माझी धास्ती वाढायची.

शेवटी एम. पी. नगरमधल्या या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी एक पट्टा सुचवला. तो अजून अभ्यासाच्या टप्प्यावर होता. ताईंची रीतसर संमती घेतली. छातीवर बांधायचा, आंघोळीपुरता काढायचा. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. अंगाची ऊब आणि हालचाल यांतून तो आपल्यापुरती वीज तयार करतो आणि ठोके माझ्या मोबाइलवर पाठवतो.

"म्हणजे वीज मी पुरवायची आणि चहाड्या यानं तुझ्याकडे करायच्या," ताई म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी मोबाइलवरची रेघ एकाएकी नाहीशी झाली. मी बाहेर दोरीवरचे कपडे काढत होते. हातातले तिथेच टाकून धावले. ताई जमिनीवर बसून लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होत्या.

"अगं, जिवंत आहे मी," त्या म्हणाल्या. "मोहरीची डाळ कुठे ठेवलीस?"

मी तिथेच फतकल मारून बसले. त्यांनी माझ्या तोंडात कैरीची फोड कोंबली.

डॉक्टरांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. अंग आणि हवा यांच्या तापमानात फरक असेल तरच उबेची वीज होते. भोपाळच्या उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापलेली. त्यात ताई बसून, म्हणजे हालचालही नाही. "आंटी को कूलर के पास रखिए, थोड़ा चलाइए।"

कूलरनं ताईंचे गुडघे धरतात. तरीही गुडघ्यांवर शाल घेऊन त्या कूलरसमोर बसू लागल्या, मधूनमधून माझा हात धरून बैठकीत फेऱ्या घालू लागल्या. "माझ्यासाठी नाही," म्हणायच्या, "तुझं तोंड उतरतं म्हणून."

अशाच एका फेरीनंतर बसल्या आणि बोलता बोलता गप्प झाल्या. डोळे फिरले. मी त्यांचं डोकं छातीशी धरलं. क्षणभरानं त्या म्हणाल्या, "काय सांगत होते मी?"

ते सगळं पट्ट्यानं टिपलं होतं. तीच ती सपाट रेघ. रुग्णालयात भरती करून डॉक्टरांनी मोठ्या यंत्रावर खात्री केली आणि पेसमेकर बसवला. ठोका चुकला की तो हृदयाला हलकासा विजेचा धक्का देतो. त्यानंतर ताई पडलेल्या नाहीत.

तुमच्या घरात कुणी असं पडत असेल आणि रिपोर्ट नॉर्मल येत असतील, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा. संकोच करू नका. ज्यांनी तो पट्टा घडवला त्यांची नावंही मला ठाऊक नाहीत. पण देवापुढे हात जोडताना त्यांची आठवण होते.

पट्टा परत केला त्या दिवशी ताईंनी मला रुग्णालयातून लगेच घरी परतू दिलं नाही. "एवढे दिवस माझंच बघत बसलीस. स्वतःचं बीपी कधी मोजलंस?" म्हणत तिथेच तपासणीला नेलं. नावनोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीनं मला विचारलं, "साथ में कौन है?"

"मैं हूँ," ताई पुढे झाल्या. "बड़ी बहन।"

मी काही दुरुस्त केलं नाही.