बुडालेल्या वाटेचा नकाशा

जेवणं उरकून अनसूया नकाशावरच आडवी होते. अंगणात तिचा लेक चैतराम कुऱ्हाडीला धार लावतोय. खर्र, खर्र. ऊन कललं की बापाचा हा जंगलाचा नकाशा घेऊन, त्यातल्या तलावाकाठच्या वाटेनं तो बापाच्या खुन्यांवर जाणार. बाप डोमाजी, जंगल खात्यातला गार्ड. गेल्या पावसाळ्यात लाकूडचोरांनी त्याला तोडला. सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, पण पोरगं ऐकेल तर शपथ! म्हणून नकाशा पाठीखाली घेतलाय. बघू कसा नेतो.

डोळा लागतो न लागतो तोच पाठ भिजते. नकाशातला निळा तलाव चटईभर पसरतो, हिरव्या डागांतून सागाची झाडं उभी राहतात. चुलीपाशी कमरेइतक्या गाळात डोमाजी उभा आहे. मान अर्धी तुटलेली.

"निजली कायले वं? पोरगा निघाला ना!"

"तुमीच थांबवा. माझं आयकत नाही."

"मी कोणाचं आयकलो?"

खरंच आहे. नकाशा इंग्रजांच्या वेळचा, मागून कापड लावलेला. पुढे तलावाची पाळ उंचावली, पाणी फुगलं, उत्तरेच्या काठची पाऊलवाट बुडाली. गुराख्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण हा "सरकारी कागद खोटा नसते" म्हणत त्याच वाटेनं चोरांमागं घुसला. गाळात रुतला, आणि त्यांनी सावकाश तोडला. आग लागो त्या कागदाला!

"फाड," डोमाजी म्हणतो.

"तुमची येवढीच निशाणी रायली."

तो तिचे केस धरून हिसडा देतो. "निशाणी पायजे का पोरगा?"

सागांमागून कुऱ्हाडी येतात. पहिला घाव डोमाजीच्या खांद्यावर बसतो. दुसरी कुऱ्हाड उचलली जाते, तेव्हा गाळात चैतराम उभा असतो. अनसूया किंचाळते, नकाशा ओढते. मेलं कापड फाटत नाही! ती दातांनी लचका तोडते, वाट चावते, हिरड्या फुटतात तरी चावते.

"माय, नकाशा दे."

चैतराम दारात उभा आहे, खांद्यावर कुऱ्हाड. अनसूया उठते आणि त्याच्या तळहातावर थुंकते. रक्त, दोरे, कागदाचा चोथा आणि काळा गाळ. घरात कोरडं सारवण आहे, आणि गाळाला येणारा कुजक्या कमळाचा हा वास तलावाखेरीज कुठंच येत नाही.

"तुझ्या बापानं हा गाळ धाडला," ती म्हणते. "तिथं कमरेइतका आहे. आता जा."

तो हात पुसतो, पुन्हा पुसतो. मग उंबऱ्यावर खाली बसतो. अनसूया त्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड काढून घेते, आणि तो घेऊ देतो.