दिलेली घागर

पुतणीच्या हळदीला आळंदच्या आमच्या घरी बायकांनी नेहमीचं गाणं धरलं: "एक घागर दिली बाई, एक घागर आणली, दिल्या घागरीचं पाणी कुणी न्हाई पाह्यलं." मी पडलो मास्तर, मला गप्प बसवतंय कुठं? त्यांना थांबवून मी अर्थ सांगू लागलो. घागर म्हणजे देह, पाणी म्हणजे आत्मा. शाळेत वीस वर्षं मी हेच शिकवत आलो होतो.

आत्या शेजारीच हळद कालवत बसली होती. हात न थांबवता ती म्हणाली, "कामून उगं काहीबी सांगायलास? साटंलोटं हाय ते. तुझ्या आईला या घरात आणायचं व्हतं, म्हणून मला त्या घरात दिलं."

माझी आत्याच माझी मामी, हे मी लहानपणापासून गंमत म्हणून सांगायचो. दोन्ही लग्नं एकाच मांडवात झाली, हे मला ठाऊक होतं. मामा पिऊन तिला मारायचा, हेही ठाऊक होतं. पण या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिल्याच नव्हत्या. मास्तर म्हणे.

मी विचारलं, "मग तू माहेरी निघून का नाही आलीस?"

आत्यानं पहिल्यांदा हात थांबवला.

"मी आले असते, तर तुझ्या मामानं तुझ्या आईला माघारी नेलं असतं. तवा तू पोटात व्हतास."