नऊ खांबांनी जवळ आलेली रेघ

गॅसवर दूध, मशीनमध्ये कपडे, आणि आमचे हे डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतायत. मंगळवारची सकाळ नेहमीसारखी चालली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना दार ठोकणारं माणूस आमच्या ओळखीत एकच, माझी नणंद. बेल आत वाजली की नाही हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून तिचा बेलवर विश्वास नाही.

ताई धावायच्या बुटांनिशी आत आली. पाठोपाठ तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, आणि भाची, दोघांच्याही माना खाली.

"काय गं, शनिवारी रेघ तू मारलीस ना?"

"हो. का?"

"कुठे मारलीस?"

मी दूध उतू जाईल म्हणून वळले. खरं तर दूध अजून तापलंही नव्हतं.

ताई सव्वीस वर्षं जमिनी मोजतेय. भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभं राहून हद्द दाखवायची, हे तिचं काम. त्यामुळे कुणी जरा गोड बोललं की हिच्या भुवया वर. मला बघायला आली तेव्हा वडील सहज म्हणाले होते, आमचा हॉल वीस फुटी आहे. ही बोलता बोलता खिडकीपर्यंत फिरून आली आणि म्हणाली, "साडेसतरा." तरी लग्न झालं.

अठरा वर्षं ती रोज धावायची. मागच्या वर्षी स्तनात गाठ निघाली, कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. डावा हात अजून पुरता उचलत नाही, धावताना तो अंगाशी धरलेला असतो. डॉक्टरांनी हळूहळू धावायला हरकत नाही म्हटल्यावर आमची पलटण उभी राहिली. भाऊजी, भाची आणि मी. तिला एकटं सोडायचं नाही, एवढंच ठरलेलं. आमचे हे पाण्याच्या बाटल्या घेऊन सोसायटीच्या फाटकापाशी बसतात, त्याला ते व्यवस्थापन म्हणतात.

फाटकापासून अडीच किलोमीटरवर चुन्याची रेघ, तिथून परत. रस्ता रोज झाडतात, म्हणून रविवारच्या धावण्यासाठी शनिवारी संध्याकाळी ती रेघ उरलेल्या पुसट खुणेवर नव्यानं मारावी लागते. पहिली ताईनं स्वतः मोजून मारली, मग आम्ही तिघं पाळीपाळीनं. पहिल्या रविवारी ताईला सेहेचाळीस मिनिटं लागली होती. मग चव्वेचाळीस, मग त्रेचाळीस. परवा एक्केचाळीस. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि ती आमच्याकडे एकेक करून बघत राहिली होती.

"आजारी पडायच्या आधी याच वाटेनं जाताना माझी सव्वीसशे पावलं व्हायची," ताई खुर्ची ओढत म्हणाली. "परवा चोवीसशे झाली. आता सांगा, आजारातून उठलेल्या बाईचं पाऊल लांबतं की आखडतं?"

यांना अचानक चष्मा सापडला आणि पेपरही.

"आत्ता फीत लावून आले. रेघ दिव्याचे नऊ खांब अलीकडे आहे. हे दोघं तीन-तीन खांब कबूल करतायत. उरलेले तीन चालत आले का?"

"माझे," मी म्हटलं. "पण ताई, शपथेवर सांगते, मला वाटलं आधीची जागा बरोबर आहे. तुम्हाला धाप लागत होती, म्हणून म्हटलं, थोडं..."

"मलाही आधीची बरोबरच वाटली," भाची पुटपुटली. "बाबांनी आधीच ढकललीय हे मला काय माहीत?"

"मी फक्त पहिल्यांदा केलं," भाऊजी म्हणाले. "तिला बरं वाटावं म्हणून."

मला हसू येत होतं. तीन माणसं, तिघांचं एकच पाप, आणि एकमेकांना पत्ता नाही! पण ताई हसत नव्हती.

"मला बरं वाटलंच की. रविवारी दुपारी पडल्या पडल्या पुढच्या वर्षीचा विचार केला मी. किती महिन्यांनी!" तिनं उजव्या हातानं डावा हात मांडीवर नीट ठेवला. "मग वाटलं, न ठरवता तुम्ही तिघं मला एवढं फसवता, तर ठरवून काय काय करत असाल? मागचा रिपोर्ट कुणी आणला?"

"मी," भाऊजी म्हणाले.

"जिन्यात उघडलात. मी वरून बघत होते. पाच मिनिटं तिथेच उभे होतात. मग वर येऊन म्हणालात, सगळं छान."

"अगं, छानच होता. खरंच. मला फक्त रडू आलं होतं, ते पुसत होतो."

"असेल. पण मला ते कसं कळावं?"

दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही. शेवटी मीच गॅस बंद केला.

"रविवारी रेघ जुन्या जागी जाईल," मी म्हटलं. "पन्नास मिनिटं लागू देत, नाहीतर तासभर."

"रेघेचं मी बघून घेईन." ताई उठली. मग आम्हा सगळ्यांकडे बघत सावकाश म्हणाली, "शुक्रवारी नवा रिपोर्ट मिळणार आहे. तुमच्यापैकी कुणीही आणा, पण पाकीट उघडू नका. मला बंदच आणून द्या."