चौथीच्या बाईंचा काळा फोन

लोक विचारतात, रिटायर होऊन काय करायलाव? मी सांगतो, फोन दुरुस्त करायलोय. लगेच खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरतात आणि माझं डोकं सणकतं. अहो, तबकडीचा फोन! काळा, वजनदार, बोट घालून फिरवायचा. गंगाखेडात आमच्या ओसरीवर असे सहा-सात पडलेत. कुणाच्या माळ्यावर सापडला की माझ्याकडं आणून टाकतात. बायको म्हणते, भंगारवाला बरा, तो निदान घेऊन तरी जातो.

सगळी नोकरी टेलिफोनचा लाइनमन म्हणून गेली. सायकलला शिडी बांधून पालमच्या रस्त्यानं जायचो. फोन बंद पडलेल्या घरात माझी वाट बघणं म्हणजे पावण्याची वाट बघण्यासारखं. लेक नांदेडला दिलेली असायची, आठ दिवस तिचा आवाज कानावर आलेला नसायचा. तार जोडली, चोंगा कानाला लावला, घूंऽ असा आवाज आला की त्या घरातली बाई आधी डोळे पुसायची, मग चहा टाकायची. आता फोन बिघडला तर लोक दुसरा घेतात. चांगलंच आहे म्हणा. पण मला त्या दिवसांची लय आठवण येते, हे काही लपवण्यासारखं न्हाई.

गेल्या हिवाळ्यात मला चौथीला शिकवणाऱ्या बाईंच्या मुलाचा फोन आला. बाई आता ऐंशीच्या पुढं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या घरचा काळा फोन मीच बसवलेला. मुलानं जुनी लाइन काढून फायबरची घेतली आणि तेव्हापासून त्या फोनवर बेल वाजायची, बोलता यायचं, पण तिथून नंबर काही लागत नव्हता.

मी गेलो तर मुलगा म्हणाला, "काका, मी तिला म्हणतो, नंबर सांग, मी लावून देतो. तरी ऐकायलीच न्हाई." आकडे बोलून दाखवणारा मोबाईलही त्यानं आणून दिला होता. पण त्या गुळगुळीत काचेवर बोट कुठं टेकलं हेच बाईंना कळत नव्हतं. तबकडीची भोकं मात्र बोटाला कळायची. मुलगा आत गेल्यावर बाई मला हळूच म्हणाल्या, "लेकरा, तो वाईट न्हाई. लावून देतो, पण मग शेजारी उभा राहतो. मला एकटीला बोलायचंय रे कुणाशी तरी." कुणाशी, ते सांगितलं न्हाई. मीही विचारलं न्हाई. पण मनाशी ठरवलं, हा फोन लागलाच पाहिजे.

तबकडी उघडली तर आतलं तेल गोंदासारखं झालेलं. पेट्रोलनं धुतली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. तबकडी आमच्या एक्स्चेंजच्या दिवसांसारखी खर्रकन परत यायला लागली. तरी नंबर लागेना. जुनं एक्स्चेंज तबकडीचे ठोके मोजायचं, सातला सात ठोके. फायबरचा हा नवा डबा ठोके ओळखतच न्हाई, त्याला बटणांच्या फोनचे सूर लागतात. मग ठोक्यांचे सूर करून देणारी एक छोटी पट्टी ओळखीतून मागवली आणि दहा दिवसांनी जोडली. माझाच नंबर फिरवला, खिशातला मोबाईल वाजला. मी जग जिंकलं!

मग बाईंनी माझाच नंबर फिरवला. लागला दुसरीकडंच. परत फिरवला, तिसराच माणूस बोलला. मी फिरवला की बरोबर, बाईंनी फिरवला की चूक. मुलगा म्हणाला, "आईला दिसत न्हाई, भोकं चुकायलीत." बाईंचा चेहरा पडला. "मी चुकत न्हाई," एवढंच म्हणाल्या. मुलगा म्हणाला, आता पुरे, रविवारी फोन काढून माळ्यावर ठेवतो. मला दोघांचाही राग आला आणि माझा स्वतःचा सगळ्यात जास्त.

मी डोळे मिटून बसलो. बाईंना म्हणालो, परत फिरवा, मी नुसतं ऐकतो. तबकडीच्या आवाजावरून आकडा ओळखायची मला जुनी खोड. नऊ फिरवला, आवाज मधेच गचका खात आला. आठचं तेच. डोळे उघडून बघितलं तर बाई आकडा फिरवून बोट भोकातच ठेवत होत्या आणि तबकडीबरोबर बोटही मागं नेत होत्या. ठोके वाकडेतिकडे पडणारच.

"बाई, बोट काढा की! तिचं तिला येऊ द्या!" मी चक्क ओरडलो. चौथीच्या बाईंवर! लाजेनं मेल्यासारखं झालं. बाई मात्र शांत. म्हणाल्या, "दिसायचं तेव्हा काढत होते. आता बोट काढलं तर परत भोक कुठं हुडकू?"

खरंच की. हे माझ्या डोळस डोक्यात शिरलंच नव्हतं. जिथं बोट अडतं त्या स्टीलच्या आकडीवर मी त्यांचा डावा अंगठा टेकवला. म्हणालो, हा हलवायचा न्हाई. आकडीच्या वरचं पहिलं भोक एक, खालचं पहिलं शून्य. तिथून मोजत जा, फिरवा आणि सोडून द्या. दोन दिवस मी रोज जाऊन त्यांच्याकडून आकडे घोकून घेतले. चुकलं की "परत!" म्हणायचो. "पाढे न आल्यावर मी तुला उभं करायचे, त्याचा सूड घ्यायलास का?" असं विचारून बाई हसायच्या. शनिवारी माझ्या खिशात मोबाईल वाजला. समोर बाई चोंगा कानाला लावून बसलेल्या. माझे डोळे भरून आले.

बाईंनी चोंगा ठेवला. "आता बाहेर जा. दार ओढून घे."

मी ओसरीवर आलो. मुलगाही आला. आतून बाईंचा आवाज, तोच वर्गातला: "ओसरीवर न्हाई. तुला आवाजावरून आकडे कळतात. रस्त्यावर जा, आणि त्यालाही ने."

आम्ही दोघं बाप्ये मुकाट्यानं फाटकाबाहेर जाऊन उभे राहिलो. खिडकीतून बाई दिसत होत्या. चोंगा कानाला, मोकळा हात हवेत हलायलाय, मधेच मान मागं टाकून हसायल्यात. अर्धा तास झाला. कुणाशी बोलत असतील, म्हणून मी टाचा उंच करून कान टवकारले.

"माझ्यासमोर ती दोन मिनिटांत फोन ठेवायची," मुलगा म्हणाला. आणि त्यानंच माझा दंड धरून मला फाटकापासून आणखी चार पावलं लांब नेलं.