सुरुवात आपली पाह्यजे

आमच्या घरी एचडी कॅमेरा आला तेव्हा कुरखेड्यात आमच्या ओळखीच्या एकाही घरात एचडी दिसेल असा टीव्ही नव्हता. पण हे नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. कोळसाखाणींच्या घुग्घुसमधल्या एका शूटिंगवाल्यानं हौसेनं घेतलेला आणि लवकरच कंटाळून विकायला काढलेला तो कॅमेरा ह्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला. फटीफटीतली कोळशाची धूळ ब्रशनं झाडली आणि पहिलं शूटिंग केलं ते माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्याचं. कॉम्प्युटरवर लावून बघितलं तर गालावरची एकेक सुरकुती वेगळी दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "मी अशी दिसतो? बंद कर थे डबडं!" आणि दोन दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आमच्या धंद्याची वाटणी सरळ होती. हे लग्नांची शूटिंग करायचे आणि मी घरी बसून मिक्सिंग करायची. मिक्सिंग म्हणजे मामा कुठं आडवा आला ते कापायचं, हळदीला गाणं जोडायचं आणि सुरुवातीला नावं टाकायची. या नावांवरच गिऱ्हाईक खूश व्हायचं किंवा भांडायचं. चित्रात नवरी अर्धी कापली गेली तरी चालेल, पण आत्याच्या यजमानांचं नाव राहिलं की आत्या थेट दारात हजर.

कॅमेऱ्याच्या पाठोपाठ टायटलचं सॉफ्टवेअर आलं. मोठ्या स्टुडिओवाल्यांची सॉफ्टवेअरं आमच्या ऐपतीबाहेरची. हे मात्र नागपूरच्या एका दुकानात अगदी स्वस्तात मिळालं. दुकानदारानं शपथेवर सांगितलं म्हणे, की एचडीत पण अक्षरांच्या कडा फाटत नाहीत. मी मनात म्हटलं, स्वस्त माल आहे, चार दिवसांत रडवणार. पण मी रडले नाही. मी वेडीच झाले. त्यात अक्षरं उडायची, गरगर फिरायची, फुग्यासारखी फुगून फुटायची, पेट घ्यायची, वरून टपटप पडून उड्या मारायची. मी किराणा सामानाची यादीसुद्धा टाईप करून नाचवली. तूरडाळ डावीकडून आली, गूळ उजवीकडून आला आणि खोबरेल तेल मधोमध गिरकी घेऊन उभं राहिलं. भाजी करपली ती करपलीच, वर मी नवऱ्याला हाक मारून म्हटलं, "या जी, इथी या, तेल पाहा कसं फिरते!"

फक्त मराठीचं त्या सॉफ्टवेअरशी पटायचं नाही. एकेक अक्षर वेगळं उडवायला गेलं की वेलांटी आधी यायची आणि अक्षर मागून धावत यायचं, मात्रा भलत्याच डोक्यावर जाऊन बसायची. मग मी अख्खा शब्दच चित्र करून आत घ्यायला शिकले. त्यानंतर मला कोणी थांबवू शकलं नाही. एका लग्नात नवरदेवाच्या आजोबांचं नाव मी आगीतून काढलं. ज्वाळा, ठिणग्या, सगळं झकास जमलं होतं. कॅसेट, म्हणजे डीव्हीडीच पण सगळे कॅसेटच म्हणायचे, ती घेऊन गेलेली मंडळी संध्याकाळी परत आली. दारातूनच ओरडली, "बाई, म्हातारा जित्ता हाय अजून! त्याले काऊन जाळून राह्यले तुमी?" आजोबा स्वतः मागं उभे होते आणि त्यांना ते नाव फार आवडलं होतं. "राहू दे ना बे, चांगलं पेटलं हाय," असं ते सारखं म्हणत होते, पण त्यांचं ऐकतो कोण? मी ते बदलून दिलं.

अशा दिवसांत कंडक्टर भाऊ आमच्याकडे आले. एसटीत कंडक्टर होते म्हणून सगळा तालुका त्यांना तसंच म्हणायचा. शेजारच्या गावचे, आमच्यासारख्याच बौद्ध घरातले. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सगळे शूटिंगचं विचारतात तसं त्यांनी काहीच विचारलं नाही. खुर्चीच्या काठावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, एकच सांगतो. सुरुवात आपली पाह्यजे."

मला लगेच कळलं. आमच्या भागातल्या मिक्सिंगवाल्यांकडे लग्नाच्या तयार सुरुवाती असायच्या. एकाकडून दुसऱ्याकडे फिरत फिरत त्या सगळ्यांकडे पोचल्या होत्या. कोणतीही लावा, आधी गरगर फिरत गणपती यायचा, मग कलश, मग स्वस्तिक, मग 'शुभ विवाह'. ज्यांच्या घरचा तो देव आहे त्यांच्यासाठी झकासच होतं ते. पण आमच्याकडच्या लग्नात पांढरे कपडे, त्रिसरण, पंचशील, बुद्धवंदना, आणि पत्रिकेवर 'मंगल परिणय'. एवढं सगळं करून कॅसेट घरी आली की बटण दाबताच पहिला गणपती. लोक मनातल्या मनात चरफडायचे आणि पुढे ढकलायचे. मीही लोकांच्या कॅसेटींना तेच लावत होते, कारण दुसरं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"मोठीच्या लग्नाची कॅसेट लावली तं सारं गाव बसलं होतं पाह्याले," भाऊ सांगू लागले. "गणपती आला अन् एकजण म्हणे, काऊन कंडक्टर, देव बदलवला का? गंज हासले लोकं, पोट धरू धरू. मधलीच्या वक्ताले मी त्या शूटिंगवाल्याले आधीच सांगतलो. तं तो म्हणे, हौ भाऊ. अन् पुन्हा थोच गणपती! पुन्हा हासले." मग ते म्हणाले, "आता हे शेवटची पोरगी हाय. मोठ्या पडद्यावर दाखवाचं हाय मले, विहारासमोर, साऱ्यायले बलावून. या वक्ताले कोनी हासाले नाई पाह्यजे."

नवरा म्हणाला, "भाऊ, तसं तयार भेटत नाई कुठी."

मला असा राग आला! आगीतून आजोबा काढता येतात, तेल नाचवता येतं, आणि एका बापाला हवी ती सुरुवात करून देता येत नाही? "भेटत नाई तं बनवू," मी म्हटलं. नवऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता हिला आवरणं कठीण. ते खरंच होतं.

काय बनवायचं ते मला आधीच दिसत होतं. पिंपळाचं पान. कागदावर काढलेलं नाही, खरं. कंडक्टर भाऊ ड्यूटीवर जाता जाता सकाळीच घेऊन आले, जेवणाच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्यांच्या गावच्या विहारामागं पिंपळ होता. "तोडलो नाई जी," त्यांनी आधीच खुलासा केला, "माकडायनं मोडून टाकलेल्या डांगीचं हाय." पान असं ताजं, असं लवलवीत, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मी माझी निळी साडी अंगणात पसरली, कारण सॉफ्टवेअरमध्ये निळा रंग पुसता यायचा आणि पुसला की त्याच्या जागी हवं ते मागं लावता यायचं. साडीवर पान ठेवलं आणि ह्यांनी त्याच्यावर कॅमेरा धरला. मागं लावायला ह्यांनी तलावावरची सकाळ शूट करून आणली होती. पाण्यावर धुकं, पलीकडे झाडं, वर मोकळं आभाळ. आता आली अक्षरं. इतके इफेक्ट हाताशी असून मला एकही पटेना. 'नमो बुद्धाय' काय गरगर फिरवणार? उड्या मारायला लावणार? शेवटी मी काहीच केलं नाही. उजाडताना आधी काही दिसत नाही आणि मग सगळं दिसतं, तशी अक्षरं येऊ दिली. खाली 'मंगल परिणय', मग दोघांची नावं. करून झाल्यावर मी एकटीच खोलीत दोन गिरक्या घेतल्या. सासूबाईंनी दारातून बघितलं आणि कपाळाला हात लावून निघून गेल्या.

मग लग्न झालं, ह्यांनी त्याचं शूटिंग केलं, पण खरा छळ पुढे होता. आमचा कॉम्प्युटर म्हातारा, एचडी नुसतं लावलं तर कसंबसं दाखवायचा, पण त्यावर काम करणं त्याला झेपायचं नाही. काम करताना तो चित्र अगदी बारीक आणि पुसट करून दाखवायचा. पक्कं चित्र बाहेर काढायला लावलं की तासन् तास कण्हत बसायचा, आणि संपत आलं की वीज जायची. भारनियमन होतं. मी वीज मंडळाचा, कॉम्प्युटरचा आणि नवऱ्याचा सारखाच उद्धार केला. नवऱ्याचा काही दोष नव्हता, पण तो समोर होता. अखेर एकदाचं ते बाहेर निघालं, तेव्हा मी देवाला नाही पण विजेच्या खांबाला हात जोडले.

डीव्हीडीवर घेतलं तर एचडीची सगळी मजा जाते. मग ठरलं, कॉम्प्युटरच उचलून न्यायचा. वडशाहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला, तो पुढे मोटरसायकलच्या टाकीवर. मागं मी, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. रस्ता धानाच्या बांध्यांमधून, खड्ड्याखड्ड्यांचा. नवऱ्याला आयुष्यात कधी धरलं नसेल इतकं घट्ट मी त्या डब्याला धरलं होतं. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडायची आणि हे मोटरसायकल थांबवून विचारायचे, "तुले लागलं का त्याले?" मला इतकं हसू यायला लागलं की दोनदा उतरावं लागलं. रोवणीच्या बाया कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या.

दिवेलागणीला विहारासमोर सारं गाव जमलं. दोन बांबूंना पांढरी चादर ताणून बांधली होती. नवी नवरी माहेरी आलेली, जावई शेजारी लाजून बसलेला, दोन्ही मोठ्या मुली आपापली लेकरं घेऊन. कंडक्टर भाऊ खाकी उतरवून पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, पहिल्या रांगेच्या खुर्चीत ताठ. त्यांचे हात गुडघ्यांवर होते.

ह्यांनी सुरू केलं. चादरीवर तलाव आला, त्याच्यावर पान आलं. इतकं मोठं, इतकं हिरवं, की लोकांनी "अरे बापा!" म्हणून श्वास आत घेतला. पानाची एकेक शीर दिसत होती. 'नमो बुद्धाय' उजाडू लागलं. मागच्या बाया आपोआप हात जोडू लागल्या. मी सुखानं अगदी हवेत होते.

आणि देठापाशी काहीतरी हललं.

मुंगी होती. घरच्या चिमुकल्या पडद्यावर मला ती कधी दिसलीच नव्हती. इथं ती शेळीच्या पिल्लाएवढी झाली होती, सहाही पाय स्पष्ट. ती शिरेशिरेनं चालत पानाच्या टोकापर्यंत आली, थांबली, मिशा हलवल्या आणि खाली उतरली. म्हणजे माझ्या साडीवर उतरली. पण साडी तर मी पुसली होती! आता ती मुंगी तलावावरच्या आभाळात, धुक्याच्या वर, ऐटीत चालू लागली. 'नमो'च्या मागं शिरली. 'बुद्धाय'च्या पलीकडून बाहेर आली.

"मुंगी! मुंगी उडून राह्यली!" पोट्टे ओरडले आणि सारं गाव हसत सुटलं. म्हाताऱ्या, जावई, मोठ्या मुली, हात जोडलेल्या बाया, सगळे. या माणसानं एकच मागितलं होतं की कोणी हसू नये, आणि मीच त्याच्या विहारासमोर, त्याच्या शेवटच्या लेकीच्या लग्नावर, सगळ्या गावाला हसवत होते. नवरा प्रोजेक्टरच्या मागं वाकून लपला. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की ते सॉफ्टवेअर तलावात बुडवावं वाटलं.

कंडक्टर भाऊ उठले. "थांबवा," म्हणाले. ह्यांनी थांबवलं. हसू हळूहळू विरलं.

ते चादरीजवळ गेले, त्यांची सावली पानावर पडली. मग वळून म्हणाले, "पहिल्यापासून लावा."

लावलं. ते बाजूला सरकून, मान वर करून बघत राहिले. पान आलं, अक्षरं उजाडली, मुंगी निघाली आणि आभाळातून गेली. या वेळी कोणी हसलं नाही, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

मी पुढे झाले. "भाऊ, मले दिसलीच नाई जी थे. उद्याच काढून देतो मी तिले."

"हे आपल्या पिंपळावरची ना? डब्यात आली असन संगं?"

"हौ भाऊ."

"मंग काऊन काढता?" ते म्हणाले. "आपल्याच झाडाची हाय. राहू द्या."

मागून एकजण ओरडला, "कंडक्टर, तिचं तिकीट फाडलं का?" कंडक्टर भाऊ आधी हसले, मोठ्यानं, मान मागं टाकून, आणि मग सारं गाव त्यांच्या मागं हसलं. मी हसत होते की रडत होते ते मलाही कळेना, पदरानं तोंड पुसत होते एवढं खरं.

ते येऊन खुर्चीत बसले. खुर्चीला पाठ टेकवली. दोन्ही बाजूंना बसलेल्या तिन्ही लेकींकडे एकेकदा बघितलं आणि मला म्हणाले, "हां बाई. आता सुरू करा लग्न."