सागाच्या पानातली अळंबी

सागाची कोवळी पानं मी चोळून चोळून धुतली आणि त्यांत पांढरीशुभ्र अळंबी बांधून लोणावळ्याला नेली.

यात चूक काय, हे मावळातलं शाळकरी पोरही सांगेल. मला सांगता आलं नसतं, कारण सुदुंबऱ्यात राहायला येऊन मला तीनच वर्षं झाली होती आणि त्यांतली दोन मी लोकांना सल्ले देण्यात घालवली होती.

अळंबी माझी असती तर निभावलं असतं. ती होती शेजारच्या मावशींची. त्यांनी म्हैस विकून रिकाम्या गोठ्यात भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळंबी लावली होती. घरचे हसत होते, दूध गेलं नि भूछत्रं आली म्हणून. अशात लोणावळ्यात भुशी धरणाच्या वाटेवरच्या एका हॉटेलातला आचारी म्हणाला, माल पसंत पडला तर दर आठवड्याला घेईन, फक्त प्लास्टिकचा तुकडासुद्धा दिसता कामा नये. आणि पहिलाच माल परत आला तर गोठ्यात पुन्हा म्हैस बांधायची, असं मावशींच्या मालकांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं.

"पॅकिंगचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. मावशी पेंढ्यावर पाणी मारायला निघून गेल्या. मी तो होकार समजलो.

मग आठवडाभर मला चैन नव्हतं. अळंबी खुडल्यावरही श्वास घेत असते. बंद डब्यात कोंडली की तिला घाम फुटतो आणि ती चिकट होते. पुठ्ठ्याचा खोका तिच्या ओलाव्यानं दुपारपर्यंत खाली बसला. कागदी पिशवीनं ओलावा इतका शोषला की अळंबी वातड झाली. केळीचं पान दुमडलं की फाटायचं. जेवता जेवता मी उठायचो, कुठलं तरी पान दुमडून बघायचो, परत बसायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, आता पोळी दुमडून बघताय तुम्ही."

सागाच्या शेंड्याची पानं हाताला लागली आणि मी हरखलो. रुंद, मऊ, कशीही वळवा. त्या दिवशी मावशी पहाटेच अळंबी खुडून भाताच्या लावणीला गेल्या होत्या, त्यामुळे मला अडवणारं कुणी नव्हतं. हॉटेलचा माल म्हणून पानं खसाखसा घासली. पाणी तांबूस झालं; मला वाटलं, धूळ असेल. ओल्या पानांचे पुडे बांबूच्या काड्यांनी टोचले, दोन टोपल्यांत रचले आणि घोरावाडीहून लोणावळा लोकल धरली.

वडगाव गेलं नि शेजारचा माणूस पाय वर घेत म्हणाला, "काका, तुमचं मटण गळतंय."

"मटण नाही हो, अळंबी आहे."

"मग तिला कुणी मारलंय का?"

टोपलीखाली लाल ओघळ होता. मी एक पुडा सोडला. आतली अळंबी विडा खाल्ल्यासारखी रंगली होती. दुसरा सोडला, तिसरा सोडला. समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यातलं एक पान उचललं, तळहातावर चोळलं आणि लाल हात माझ्यापुढे धरला.

"सागाचा कोंब हाय ह्यो. पोरी हात रंगवत्यात ह्यानं. तुमी अळंबीला मेंदी लावली व्हय?"

सगळा डबा हसला. कान्हे, कामशेत, मळवली, प्रत्येक स्टेशनावर मी उतरायला उठलो आणि परत बसलो. उतरून तरी काय सांगणार होतो मावशींना?

आचाऱ्यानं पुडा उघडला आणि एक लाल अळंबी दोन बोटांत उचलून उजेडात धरली. मग म्हणाला, "हे मी कुणाच्या ताटात वाढू?"

चूक माझी, माल बाईंचा, बाईंचा यात काडीचा दोष नाही, हे मी तीनदा सांगितलं. त्यानं एका अळंबीचा देठ मोडला, हुंगला. "माल ताजा आहे. उद्या एकदाच बघतो. शेवटचं."

संध्याकाळी मालक घरी यायच्या आत मावशींच्या दारात उभं राहून मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. चिखलाचे पाय धूत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सकाळी त्यांनीच टोपली भरली. तळाला कोरडा पेंढा, त्यावर पळसाच्या वाळक्या पत्रावळी, मग अळंबीचा एक थर, पुन्हा पत्रावळ. वर सुती फडकं बांधलं. चहा उकळेपर्यंत काम उरकलं. मी हट्टानं सोबत गेलो. गाडीत त्यांनी टोपली मांडीवर घेतली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. मी मात्र दर पाच मिनिटांनी वाकून टोपलीचा तळ बघत होतो.

आचाऱ्यानं फडकं सोडलं. अळंबी जशी खुडली तशी, कोरडी, पांढरी. त्यानं सगळे थर उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाला, "दर मंगळवारी आणा, मावशी. अशीच."

मावशींनी मोठा श्वास सोडला. माझ्याही जिवात जीव आला, आणि तिथंच घात झाला.

"मावशी," मी म्हणालो, "आता या टोपल्यांना झाकणं करू या का? मी एक नमुना..."

मावशींनी रिकामी टोपली काखेत मारली.

"भाऊ, तुमाला मदतीची लय उबळ आली ना, की घरात निजून ऱ्हावा."