कानशिलावरचे डाग

परभणीच्या दवाखान्यात मी मानेला ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला गेलो होतो. बाकावर बोरीहून आलेली एक बाई नवऱ्याशेजारी बसली होती. अर्धं डोकं ठणकायचं म्हणून तिने कपाळाला फडकं करकचून बांधलं होतं. कानशिलावर देवऋष्याने तापल्या सळईने दिलेले डाग होते.

डॉक्टर बाहेर येऊन तिला म्हणाले, "सुयांबरोबर शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंशीही बोला."

नवरा उसळला, "येड्याच्या डॉक्टरकडं न्हाई जायचं. लोक काय म्हनतील?"

मला इतका संताप आला की मान आणखीच ताठली.

ती हळू आवाजात म्हणाली, "डाग देताना लोकायला इचारलं व्हतं का तुमी?"

ती भिंतीला धरून उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.